औंधचे राजे आणि माझे तीन नमस्कार



शीर्षक वाचून हसू आलं असेल तर हसा. आमच्या घरीही हसून झालंय.

माझं लहानपण सातारा जिल्ह्यातलं. आमचे ड्रिलचे मास्तर पूर्वीच्या औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथल्या शाळांत सूर्यनमस्कारांचा प्रघात खुद्द राजेसाहेबांनी पाडलेला. मास्तर त्यांचं नाव घेताना आपोआप ताठ उभे राहायचे.

हे राजे म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१). तरुणपणी त्यांना युजीन सँडोच्या व्यायामाचं वेड होतं. सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध जर्मन पहिलवान. १८९७ च्या सुमारास राजेसाहेबांनी त्याची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि दहाएक वर्षं तो व्यायाम नेमानं केला. पुढे १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. तेव्हा वय चाळीस. १९३८ मध्ये त्यांचं नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं, तेव्हा ते सत्तरीत होते आणि नमस्कार चालूच होते.

व्यायाम बदलला, नेम बदलला नाही. शिवाय नमस्काराला ना साधनं लागतात ना आखाडा; सतरंजीएवढी जागा पुरते. आणि त्यांची रीतही साधी: आधी थोडे, मग हळूहळू वाढवायचे. नमस्कारांनी सगळे रोग बरे होतात, हे त्यांचं म्हणणं मात्र आज कुणी मानू नये. गोळ्या डॉक्टरांनाच विचारून घ्याव्यात.

आम्हा मुलांच्या लक्षात राहिले ते फक्त मोठे आकडे. पुढे मी मुलुंडला शिक्षक झालो, तेव्हा तेच केलं. कुणाची कंबर जरा चुकली की 'पुन्हा पहिल्यापासून!' त्या मुलांपैकी किती जण आज नमस्कार घालत असतील? बहुधा कुणीच नाही. दोष माझा.

मला साखर निघाली तेव्हाही तोच हट्ट. रोज बारा नमस्कार आणि तासभर चालणं. आठ दिवस झकास गेले. नवव्या दिवशी डोंबिवलीला लग्न होतं, नेम मोडला. मोडला तो मोडलाच. चार महिने काही केलं नाही. आमची ही मात्र गेली अकरा वर्षं सोसायटीच्या आवारात वीस मिनिटं चालते. पावसात जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये. पाहुणे असले तर दहाच मिनिटं. ना कधी संकल्प केला, ना मला उपदेश.

मग गेल्या वर्षी साखरेमुळे माझ्या थोरल्या भावाच्या पायाचा अंगठा काढावा लागला. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो असताना तो म्हणाला, "जमेल तेवढं केलं असतं तरी चाललं असतं रे." बास. एवढंच.

तेव्हापासून रोज तीन नमस्कार. गुडघा पूर्ण टेकत नाही, कपाळ जमिनीला लागत नाही. मास्तरांनी छडीच घेतली असती. पण कालनिर्णयवर रोज आकडा लिहितो. काल नातवंडं आली होती, एकच झाला. तिथे '१' लिहिला आणि आज पुन्हा तीन घातले.

दादा, हे वाचत असशील तर तुझ्या खुर्चीतल्या व्यायामाचा आजचा आकडा कळव. कमी असला तरी चालेल.