दिनविशेष : २१ ऑक्टोबर – कोल्ट्रेन यांचे 'माय फेव्हरिट थिंग्ज'

१९६० : विख्यात जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी न्यूयॉर्कमध्ये 'माय फेव्हरिट थिंग्ज' ध्वनिमुद्रित केले. रॉजर्स-हॅमरस्टाइन यांच्या 'द साउंड ऑफ म्युझिक' या संगीतिकेतले हे गाणे तेव्हा जेमतेम वर्षभराचे होते. तिच्यावरचा चित्रपट यायला अजून चारेक वर्षे अवकाश होता. कोल्ट्रेन यांनी नेहमीचा टेनर बाजूला ठेवून सरळ नळीचा, चढ्या आवाजाचा सोप्रानो सॅक्सोफोन हाती घेतला. वॉल्ट्झची तीन मात्रांची लय कायम राहिली. मॅकॉय टायनर पियानोवर दोनच स्वरसंघ आलटून पालटून वाजवत राहिले, एल्विन जोन्स यांच्या ड्रम्सने जोर धरला आणि छोटेखानी गाणे साडेतेरा मिनिटांवर गेले. रेडिओसाठी ते कापून तबकडीच्या दोन बाजूंवर द्यावे लागले. १९६१मध्ये आलेल्या याच नावाच्या अल्बममध्ये गाणी चारच. एक कोल पोर्टर यांचे, दोन गर्श्विन यांची. कोल्ट्रेन यांची स्वतःची रचना एकही नाही. तरीही हा अल्बम त्यांची ओळख ठरला. १९६७मध्ये निधन होईपर्यंत मैफलींत ते हे शीर्षकगीत वाजवत राहिले. कधी कधी तासभरसुद्धा.