फोनो लावणाऱ्या हाताचा इतिहास

ग्रामोफोनचा इतिहास सांगायला बसले की एडिसन, बर्लिनर ही नावे ओळीने येतात, मागोमाग कंपन्यांची नावे येतात, आणि शेवटी कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र येते. परंतु यंत्र दुकानातून उचलून माजघरात आणल्यावर ते कोणी लावले, कसे लावले आणि त्या लावण्याने गाण्याचे काय झाले, हा इतिहास सहसा सांगितला जात नाही. तो सांगायचे आम्ही योजले याला एक निमित्त आहे. जुन्या गवयांच्या तबकड्या ऐकून नव्या पिढीतले रसिक आम्हांला विचारतात, "यांना एवढे थोर म्हणता, मग आवाज असे पातळ, चिरके, नाकातून आल्यासारखे का?" प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर सर्वस्वी गळ्यात शोधू नये. बरेचसे उत्तर सुईत आहे, आणि तबकडी मिनिटाला किती फेरे घेते या साध्या हिशोबात आहे.

एडिसनने १८७७ साली आवाज साठवला तो नळकांड्यावर. चपट्या तबकडीची युक्ती एमिल बर्लिनरची, १८८७ सालची. नळकांड्याच्या यंत्रावर घरच्या घरी स्वतःचा आवाजही भरता येई. तबकडीला ते साधत नसे. तथापि एका साच्यावरून हजारो तबकड्या ठोकून काढता येतात, आणि बाजार असल्याच गोष्टीला वश होतो. बर्लिनरची आरंभीची यंत्रे हाताने फिरवायची असत. म्हणजे फिरवणाऱ्याचा हात जलद चालला की गाणे चढे, हात दमला की उतरे! गायकाचा षड्ज ऐकणाऱ्याच्या मनगटात होता म्हणा ना. पुढे एल्ड्रिज जॉन्सन याने १८९६च्या सुमारास स्प्रिंगची मोटर बसवली आणि मनगट सुटले. पण संपूर्ण सुटले असे मात्र नाही.

आपल्या देशात फ्रेड गायस्बर्ग हा मुद्रणकार १९०२ साली कलकत्त्यास आला. गौहरजान यांचे गाणे त्याच दौऱ्यातले. मुद्रण इथे आणि तबकड्या ठोकणे जर्मनीत हॅनोव्हर येथे, अशी व्यवस्था होती. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव उच्चारतात ते अनेकांनी ऐकले असेल. परदेशी कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून तसे बोलत, असे त्याचे कारण सांगितले जाते. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास हेमेंद्रमोहन बोस यांनी नळकांड्यांवर स्वदेशी मुद्रणे केली होती, रवींद्रनाथांचा आवाजही त्यांत होता. मेणाची नळकांडी ती. त्यांतील फारच थोडे आज हाती उरले आहे. पुढे महाराष्ट्रात काय घडले ते वेगळे सांगायला नको. जिथे नाटकमंडळी कधी गेली नाही त्या गावांतही बालगंधर्वांची, मास्टर दीनानाथांची पदे पोचली, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मावणारी तीन-सव्वातीन मिनिटे हीच एका गाण्याची लांबी ठरली.

आता सुईकडे वळू. तबकडी लाखेची असे, परंतु निव्वळ लाखेची नव्हे. तिच्यात दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे, आणि ती मुद्दाम मिसळलेली असे. पोलादी सुई टोकदार असते. भुकटीमुळे ती पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची होते आणि मग खाचेत नीट बसते. याचा अर्थ असा की तबकडी सुईला घासणार, हे बनवणाऱ्याने गृहीतच धरले होते. ध्वनिपेटी आणि नळी यांचा शंभर ग्रॅमहून अधिक भार त्या एका टोकावर. एक बाजू संपेपर्यंत सुईच्या दोन्ही अंगांना सपाट धारा येतात. तीच सुई दुसऱ्या बाजूस लावली की त्या धारा खाचेच्या भिंती तासू लागतात. म्हणून सुयांच्या इवल्याशा पत्र्याच्या डब्यांवर एक सुई एकदाच वापरा, असे बजावलेले असे.

आणि आपण काय केले? आपण काटकसर केली. सुई थोडी फिरवून पुन्हा लावली, "अजून दोन गाणी निघतील" म्हणून जपून ठेवली, कोणी दगडावर घासून पुन्हा टोकही काढले. त्या पिढीला आम्ही दोष देत नाही. ज्या घरात दिव्याची वात खाली-वर करतानाही तेलाचा विचार होई, तिथे नवी कोरी दिसणारी सुई तीन मिनिटांनी टाकून द्या म्हणणे हा उधळेपणाच वाटणार. परंतु परिणाम व्हायचा तो झालाच. जे गाणे घरात सर्वांत लाडके, तेच सर्वांत अधिक घासले गेले. आज जुन्या बाजारात तबकड्या चाळल्या तर नावडती बाजू झळझळीत काळी आणि आवडती बाजू राखाडी पडलेली आढळते. आवाजात जी खरखर ऐकू येते ती केवळ काळाची नव्हे, पुष्कळदा ती आपल्याच प्रेमाची असते. बांबूच्या आणि काट्याच्या सुयाही मिळत. त्या तबकडीला जपत, पण आवाज हलका निघे. पाहुणे मंडळींना मोठा आवाज हवा असे!

आता वेग. पेटीच्या एका कोपऱ्यात एक लहानसा काटा किंवा मळसूत्र असते. आत तीन वजने फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि एक पितळी चकती सरकून चामड्याच्या वा नमद्याच्या तुकड्यावर घासते, त्यामुळे वेगाला आळा बसतो. काटा फिरवला म्हणजे हा तुकडा पुढे-मागे होतो. जुने जाणते लोक तबकडीखाली कागदाची चिठ्ठी ठेवून घड्याळ समोर घेत आणि फेरे मोजत: मिनिटाला ७८, किंवा वीस सेकंदांत २६. वीज आल्यावर ७७ रेघांची गोल चकती निघाली. आपल्या ५० आवर्तनांच्या विजेच्या दिव्याखाली ती ठेवली आणि रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. (आजच्या काही नव्या दिव्यांखाली ही युक्ती चालत नाही, कागदाची चिठ्ठी मात्र अजूनही चालते.)

एवढा खटाटोप कशासाठी? ७८ऐवजी ८२-८३ फेरे झाले की गाणे एक अर्धस्वर चढते. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. नुसता सूरच चढतो असे नाही, लयही वाढते, तान दाणेदार असेल तर ती घाईची वाटते, आणि आवाजाचा पोत बारीक होतो. पण खरी मेख निराळीच आहे. या शतकापूर्वीच्या, म्हणजे १९००च्या मागच्या-पुढच्या काळात ७८ हा आकडा सर्वमान्य झालाच नव्हता. काही मुद्रणे सत्तर-बहात्तर फेऱ्यांची, तर काही ऐंशीच्याही पलीकडची. काही कंपन्यांनी तबकडीवर वेग छापला. पुष्कळांनी छापला नाही. सत्तर फेऱ्यांवर भरलेले गाणे आपण प्रामाणिकपणे ७८वर लावले, तर ते जवळजवळ दोन अर्धस्वर वर जाते. मग धीरगंभीर आवाजाचा गवई किरटा भासतो, आणि आपण मान हलवून म्हणतो, जुन्या लोकांची तशीच रीत होती. खटला न चालवता शिक्षा सुनावावी तसा हा प्रकार आहे.

येथे कोणी म्हणेल की सगळा दोष वेगाच्या माथी मारू नका, आणि त्याचे म्हणणे खरे आहे. १९२५ साली विजेचे मुद्रण निघण्यापूर्वी गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. त्या कर्ण्याला खर्जही नीट पकडता येत नसे आणि वरचे बारीक नादही. तंबोरा तर बहुधा हरवूनच जाई. तेव्हा पातळपणाचा काही वाटा कर्ण्याचा आहेच. फरक इतकाच की कर्ण्याने जे पकडले नाही ते आज आपल्याला परत मिळवता येणार नाही. वेगाने जे बिघडवले ते मात्र या क्षणी दुरुस्त करता येते. त्याला साधन आहे साथीची पेटी. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. वेग हळूहळू कमी-जास्त करीत गेले की एका ठिकाणी पेटी एखाद्या पट्टीवर नेमकी बसते. अर्धस्वराच्या अंतराने अशा दोन जागा सापडतात; मग गळा, लय आणि त्या गायकाची इतर मुद्रणे पाहून निवड करायची. पेटीची सुरावटही कारागिरागणिक थोडी हलत असे, म्हणून हट्ट धरू नये. पण केवळ ७८च्या आकड्यापेक्षा हा निवाडा केव्हाही बरा.

यंत्राच्या जपणुकीबद्दल थोडक्यात. किल्ली देताना अडेपर्यंत पिळू नये. स्प्रिंगचा डबा घरी उघडू नये. आत गुंडाळलेली पोलादी पट्टी सुटली तर बोटे कापल्यावाचून राहत नाही. यंत्र दीर्घकाळ ठेवायचे असेल तर किल्ली पूर्ण उतरू द्यावी. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, ओझे देऊन आडव्या रचू नयेत, आणि उन्हाच्या खिडकीशी तर नकोतच. लाख मऊ होते आणि तबकडी पापडासारखी वाकते. अगत्याची सूचना एकच: लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये. आमच्या सुतारांना हे निराळे सांगावे लागत नाही, कारण लाख स्पिरिटात विरघळवूनच ते फ्रेंच पॉलिश करतात. परंतु स्वच्छतेच्या उत्साहात शिकल्या-सवरल्या माणसांनी तबकड्यांवरची गाणी पुसून टाकली आहेत.

ही लाख बहुतांशी आपल्याच देशातली. पळस, कुसुम, बोर यांवरच्या किड्यांची, विशेषतः छोटा नागपूरच्या रानातली. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली तेव्हा १९४२ साली अमेरिकेत तिच्यावर नियंत्रण आले आणि जुन्या तबकड्या गोळा करून, दळून नव्या केल्या गेल्या. एका गाण्याच्या हाडांवर दुसरे गाणे! मूळ धातूचे साचेही अनेक ठिकाणी नाहीसे झाले. त्यामुळे कित्येक गायकांच्या बाबतीत आज जे आहे ते एवढेच: कोणा एकाच्या माळ्यावरची, कोणा एकाच्या सुईने घासलेली एक प्रत.

युद्धानंतर, १९४८ साली, दीर्घवादनाची तबकडी आली. ३३⅓ फेरे, व्हायनिलचा पदार्थ, आणि खाच एवढी बारीक की तिची सुई जुन्या सुईच्या सुमारे एकतृतीयांश. भार शंभर ग्रॅमवरून दहा ग्रॅमच्या आत आला. रेडिओग्रॅममध्ये सुई उलटवायची एक चिमुकली कळ असे, एका बाजूस ७८ आणि दुसऱ्या बाजूस दीर्घवादन. ही कळ विसरणे महागात पडे. आणि हौसेने कोणी नवी तबकडी जुन्या कर्ण्याच्या यंत्रावर लावली तर एका ऐकण्यात तिचा निकाल लागे. आता ख्यालाला वीस मिनिटे मिळाली. तीन मिनिटांत राग उभा करण्याची जी विद्या आधीच्या पिढीने कमावली होती, तिचा मात्र व्यवहारातला उपयोग संपला.

१९८२ साली बाजारात आलेल्या लहान चकचकीत तबकडीला सुईच नाही. अदृश्य प्रकाशकिरण तिला आतून बाहेर वाचीत जातो. स्पर्श नाही म्हणून झीज नाही. किरण डोळ्यांस अपायकारक, म्हणून पेटीचे आवरण उघडू नये अशी सूचना तिच्यावर असते. पुसण्याची रीतही उलटी झाली. खाचेची तबकडी खाचेच्या दिशेने, गोल पुसायची. ही मात्र मध्यापासून कडेकडे सरळ पुसायची, कारण आडवा ओरखडा यंत्र सावरून घेते, गोल ओरखडा त्याला सावरता येत नाही.

तबकडी कशी लावावी याची सर्वांत काटेकोर सूचना ज्या तबकडीवर कोरली आहे, ती कोणाच्याही घरी नाही. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी आहे. पंचावन्न भाषांतील अभिवादनांत मराठीही आहे, आणि संगीतात गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, सुमारे साडेतीन मिनिटांची. तबकडीसोबत सुई दिली आहे. आवरणावर आकृती काढून सुई कोठे टेकवायची ते दाखवले आहे, आणि वेगही दिला आहे: एका फेऱ्यास ३.६ सेकंद. मात्र सेकंद म्हणजे काय हे पलीकडच्या ऐकणाऱ्याला ठाऊक असणार नाही, म्हणून तो काळ हायड्रोजनच्या अणूतील एका स्थित्यंतराच्या मापाने लिहिला आहे. १९००च्या आगेमागे आमच्या गवयांच्या तबकड्यांवर जो आकडा छापायचा पुष्कळदा राहून गेला, तो केसरबाईंच्या या तबकडीवर आहे.