चित्रपट-तबकड्यांवरील पूरक सामग्री
चित्रपट-तबकड्यांवरील पूरक सामग्री : घरी पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या चित्रपटाच्या कॅसेटवर किंवा तबकडीवर मूळ चित्रपटाखेरीज जी ध्वनी, दृश्य व लिखित सामग्री दिलेली असते, तिला सामान्यतः पूरक सामग्री म्हणतात. दिग्दर्शकाचे वा अभ्यासकाचे समांतर भाष्य, निर्मितीविषयक अनुबोधपट, वगळलेली दृश्ये, पर्यायी शेवट, मुलाखती, पटकथा व रेखाटने, स्थिरचित्रे आणि जाहिरातपट हे तिचे प्रमुख प्रकार होत. ग्राहकाला आकर्षित करण्याचे एक साधन म्हणून ही सामग्री रूढ झाली, हे खरे. परंतु १९८४ ते सु. २०१० या काळात चित्रपटाच्या इतिहासाची मौखिक व दृश्य साधने जितकी या तबकड्यांवर साठली, तितकी क्वचितच अन्यत्र साठली असतील. यामुळे चित्रपटाच्या इतिहासलेखनात तिला दुय्यम लेखता येत नाही.

पूर्वपीठिका : चित्रपट कसा तयार होतो, हे प्रेक्षकांना दाखविण्याची कल्पना तबकडीपेक्षा बरीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार करतात हा लघुपट काढला. त्यात स्वतः फाळके दिग्दर्शन व संकलन करताना दिसतात. त्याचे काही अंश उपलब्ध असून भारतीय चित्रपटनिर्मितीच्या प्रारंभकाळाचे ते एक अस्सल साधन आहे. अमेरिकेत वॉल्ट डिझ्नी यांच्या संस्थेने १९५४ मध्ये सुरू केलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी या आपल्याच चित्रपटाच्या पाण्याखालील चित्रणाची हकीकत सांगणारा एक भाग दाखविला. त्याला एमी पारितोषिक मिळाले. माहिती आणि जाहिरात यांची जी सरमिसळ पुढे पूरक सामग्रीत सर्वत्र आढळते, तिचे बीज येथेच दिसते.

सोनी कंपनीची बीटामॅक्स (१९७५) आणि जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस (१९७६) या पद्धतींमुळे चित्रपट घरोघरी पोहोचला. परंतु चुंबकीय फीत सलगपणे पुढेमागे गुंडाळावी लागत असल्याने हव्या त्या ठिकाणी तत्काळ जाणे तीवर शक्य नव्हते. मजकूर किंवा स्थिरचित्रे देण्यासही ती गैरसोयीची होती. तरीही केवळ ‘निर्मितीची कथा’ विकली जाऊ शकते, हे याच माध्यमाने सिद्ध केले. मायकेल जॅक्सनच्या थ्रिलर (१९८३) या सु. १४ मिनिटांच्या गीतपटाचा खर्च मोठा होता. त्याच्या निर्मितीवर अनुबोधपट काढून त्याचे प्रक्षेपणाचे व कॅसेटचे हक्क विकण्यात आले आणि त्यातून मूळ गीतपटाचा खर्च भागविण्यात आला.

लेसर तबकडी व समांतर भाष्य : पूरक सामग्रीचा खरा उगम लेसर तबकडीत आहे. फिलिप्स व एमसीए या कंपन्यांनी विकसित केलेली ही सु. ३० सेंमी. व्यासाची तबकडी डिसेंबर १९७८ मध्ये अटलांटा येथे प्रथम विक्रीस आली. तिच्या दोन प्रकारांपैकी स्थिर कोनीय वेगाच्या प्रकारात तबकडीच्या एका फेऱ्यात चित्राची एकच चौकट वाचली जाई. तबकडी मिनिटाला १,८०० फेरे करी आणि एका बाजूवर ५४,००० चौकटी, म्हणजे ३० मिनिटांचे चित्रण मावे. प्रत्येक चौकटीस क्रमांक असल्याने हवी ती चौकट पडद्यावर स्थिर ठेवता येई. त्यामुळे पटकथेची पाने, रेखाटने व छायाचित्रे एकेका चौकटीत बसवून पुस्तकाप्रमाणे चाळणे प्रथमच शक्य झाले. दुसऱ्या, स्थिर रेषीय वेगाच्या प्रकारात एका बाजूवर ६० मिनिटांचे चित्रण मावे, पण चौकट अशी स्थिर ठेवण्याची सोय साध्या यंत्रावर नसे.

या गुणांचा पद्धतशीर उपयोग अमेरिकेतील क्रायटेरियन कलेक्शन या संस्थेने केला. १९८४ मध्ये तिने सिटिझन केन (१९४१) व किंग काँग (१९३३) हे चित्रपट लेसर तबकडीवर काढले. तबकडीवर ध्वनीच्या दोन वाहिन्या होत्या. किंग काँगचा ध्वनी एकवाहिनी असल्याने दुसरी वाहिनी रिकामी राहत होती. तीवर लॉस अँजेल्सच्या कला संग्रहालयातील चित्रपट विभागाचे प्रमुख रोनाल्ड हेव्हर यांचे भाष्य ध्वनिमुद्रित करण्यात आले. चित्रपट चालू असतानाच हेव्हर त्याच्या निर्मितीची व तंत्राची माहिती देतात. प्रेक्षकाने वाहिनी बदलली की संवादांच्या जागी त्यांचा आवाज ऐकू येई. घरगुती चित्रपट-आवृत्तीवरील हे पहिले समांतर भाष्य मानले जाते. रिकाम्या वाहिनीच्या उपयोगातून जन्मलेला हा प्रकार पुढे या क्षेत्रातील सर्वांत प्रतिष्ठित प्रकार ठरला. चित्रपट त्याच्या मूळ रुंदीत, पडद्याच्या वर व खाली काळे पट्टे ठेवून दाखविण्याचा प्रघातही या संस्थेने दृढ केला.

भाष्याच्या स्वातंत्र्याला मर्यादा आहेत, हेही लवकरच दिसून आले. क्रायटेरियनने १९९१ मध्ये जेम्स बाँड मालिकेतील पहिल्या तीन चित्रपटांच्या तबकड्या काढल्या. त्यांवरील भाष्यांतील काही मोकळ्या उद्‌गारांना हक्कधारकांनी आक्षेप घेतला. त्या आवृत्त्या मागे घेण्यात येऊन भाष्यविरहित आवृत्त्या विक्रीस आल्या. पुढे मोठ्या चित्रसंस्थांनी तबकडीच्या आरंभी ‘भाष्यातील मते वक्त्यांची वैयक्तिक आहेत’ अशी सूचना देण्यास सुरुवात केली.

डीव्हीडीचा काळ : लेसर तबकडी महाग असल्याने तिचा प्रसार मर्यादित राहिला. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये व मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी विक्रीस आली. १२ सेंमी. व्यासाच्या या अंकीय तबकडीच्या एका थरावर ४·७ गिगाबाइट माहिती मावते. तीत आठपर्यंत ध्वनिप्रवाह व बत्तीसपर्यंत उपशीर्षकप्रवाह देता येतात, तसेच निवडसूचीच्या साहाय्याने हव्या त्या भागाकडे जाता येते. जे पूर्वी काही हजार संग्राहकांपुरते होते, ते आता सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले. द मेट्रिक्स (१९९९) ही अमेरिकेत दहा लाखांहून अधिक प्रती खपलेली पहिली डीव्हीडी. तीत ठराविक क्षणी पडद्यावर उमटणारी खूण निवडली असता त्या प्रसंगाच्या चित्रणाची माहिती दिसे. द लॉर्ड ऑफ द रिंग्ज मालिकेतील पहिल्या चित्रपटाची विस्तारित आवृत्ती नोव्हेंबर २००२ मध्ये चार तबकड्यांवर निघाली. दोन तबकड्यांवर चित्रपट व चार स्वतंत्र भाष्ये आणि उरलेल्या दोन तबकड्यांवर परिशिष्टे, अशी तिची रचना होती. चित्रपटापेक्षा त्याची परिशिष्टे मोठी होण्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

या काळात भाष्याचे अनेक उपप्रकार रूढ झाले. सेव्हन सामुराई (१९५४) या चित्रपटावरील मायकेल जेक यांचे व सिटिझन केनवरील रॉजर ईबर्ट यांचे भाष्य ही अभ्यासकीय भाष्याची उदाहरणे होत. धिस इज स्पायनल टॅप या विडंबनपटाच्या २००० मधील डीव्हीडीवर नटांनी आपल्या भूमिकांतच राहून भाष्य केले. याउलट काही दिग्दर्शकांनी या प्रथेस नकार दिला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी आपल्या चित्रपटांवर असे भाष्य करण्याचे टाळले, तर डेव्हिड लिंच यांच्या मलहॉलंड ड्राइव्ह या चित्रपटाच्या २००२ मधील डीव्हीडीवर प्रकरणांचे विभागसुद्धा नव्हते. कलाकृतीने स्वतःच बोलावे, तिच्या निर्मात्याने नव्हे, अशी ही भूमिका होती.

साधन म्हणून मूल्य : पूरक सामग्रीतील बराच भाग प्रसिद्धीसाठी तयार केलेला असतो. त्यातील मुलाखती चित्रीकरण चालू असतानाच घेतलेल्या असून सर्वजण एकमेकांची स्तुती करताना आढळतात. उत्तरकाळी ध्वनिमुद्रित केलेली भाष्ये अधिक मोकळी असली, तरी वक्त्याची स्मृती व स्वतःविषयीची भूमिका यांचा प्रभाव त्यांवर असतो. विशेषतः सामूहिक निर्मितीचे श्रेय एकट्या दिग्दर्शकाकडे जाण्यास या प्रथेने हातभार लावला. म्हणून इतर साधनांप्रमाणे याही साधनांची पारख करूनच ती वापरावी लागतात.

तथापि अस्सल कागदपत्रे प्रकाशात आणण्याचे कार्यही याच माध्यमाने केले. ऑर्सन वेल्स यांनी टच ऑफ ईव्हल (१९५८) या चित्रपटाचे संकलन चित्रसंस्थेने बदलल्यावर ५८ पृष्ठांचे टिपण लिहिले होते. त्या टिपणाच्या आधारे १९९८ मध्ये चित्रपटाचे पुनःसंकलन झाले आणि २००० मधील डीव्हीडीवर टिपणाची संहिताही देण्यात आली. त्यामुळे पुनःसंकलकांनी वेल्स यांच्या सूचना कितपत पाळल्या, हे प्रेक्षकाला स्वतः ताडून पाहता आले. ब्लेड रनर (१९८२) या चित्रपटाच्या २००७ मधील संचात त्याची पाच भिन्न रूपे एकत्र दिलेली आहेत. ग्रंथाच्या पाठचिकित्सेत विविध हस्तलिखिते शेजारी ठेवतात, तसाच हा उपक्रम होय.

याच्या अगदी विरुद्ध उदाहरण स्टार वॉर्स (१९७७) या चित्रपटाचे आहे. त्याचे दिग्दर्शक जॉर्ज लूकस यांनी १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देताना जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याच्या प्रवृत्तीवर टीका केली होती. मात्र १९९७ मध्ये त्यांनीच आपल्या तीन चित्रपटांत नवी दृश्ये व परिणाम घालून सुधारित आवृत्त्या काढल्या. मूळ रूपे २००६ मध्ये डीव्हीडीवर आली, ती सुधारित चित्रपटांसोबतची पूरक सामग्री म्हणून आणि तीही १९९३ मधील लेसर तबकडीसाठी केलेल्या प्रतीवरून. अशा रीतीने ऐतिहासिक कृतीच परिशिष्टात गेली आणि तिचे संशोधित रूप मुख्य संहिता ठरले. मूळ कृती कोणती हे ठरविण्याचा अधिकार निर्मात्याचा की समाजाचा, हा प्रश्न या प्रकरणाने तीव्रपणे पुढे आणला.

भारतातील स्थिती : भारतात डीव्हीडीआधी व्हिडिओ सीडीचा प्रसार झाला. तिच्या एका तबकडीवर सु. ७४ मिनिटांचे चित्रण मावत असल्याने एका चित्रपटास दोन वा तीन तबकड्या लागत व पूरक सामग्रीस जागा उरत नसे. मराठी चित्रपट व नाटके मोठ्या प्रमाणावर याच माध्यमातून घरोघरी गेली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने तबकड्यांच्या किमती तीस रुपयांच्या आसपास आणल्या. त्यामुळे खप वाढला. पण संशोधन, मुलाखती व टिपणे यांवर खर्च करण्यास वाव राहिला नाही. प्रभात, राजकमल इ. संस्थांच्या काळातील अनेक कलावंत व तंत्रज्ञ व्हिडिओच्या काळात हयात होते. चित्रपटाच्या बरोबरीने त्यांची साक्ष नोंदवून ठेवण्याची संधी त्यामुळे बव्हंशी निसटली.

याला काही अपवाद आहेत. लगान (२००१) च्या कच्छमधील चित्रीकरणावर सत्यजित भटकळ यांनी चले चलो हा दीर्घ अनुबोधपट केला. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हांची १९९३ मध्ये लंडन येथील आगीत मोठी हानी झाली होती. त्यांचा जीर्णोद्धार होऊन क्रायटेरियनने २०१५ मध्ये त्या तबकडीवर काढल्या. शोले (१९७५) चा मूळ शेवट परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे बदलावा लागला होता. तो शेवट असलेली प्रत पुढे व्हिडिओच्या माध्यमातून अनेकांच्या पाहण्यात आली. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जीर्णोद्धार केलेली, मूळ शेवटासह असलेली प्रत जून २०२५ मध्ये बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आली. पन्नास वर्षे जे रूप अनधिकृत मानले गेले, तेच अशा रीतीने अधिकृत प्रत म्हणून सादर झाले.

ऱ्हास व जतन : ब्लू-रे तबकडी (२००६) हिच्या एका थरावर २५ गिगाबाइट माहिती मावत असली, तरी तिच्या आगमनानंतर लवकरच आंतरजालावरून चित्रपट पाहण्याची पद्धत वाढली. नेटफ्लिक्स कंपनीने २००७ मध्ये अशी सेवा सुरू केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये टपालाने डीव्हीडी पाठविण्याची आपली सेवा बंद केली. या सेवांवर बहुधा केवळ चित्रपट असतो. भाष्य व परिशिष्टे क्वचितच आढळतात. क्रायटेरियनचे चित्रपट पूरक सामग्रीसह दाखविणारी फिल्मस्ट्रक ही सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद पडली. त्यानंतर संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये स्वतःची वाहिनी सुरू केली.

पूरक सामग्रीच्या जतनाचा प्रश्न मूळ चित्रपटापेक्षा बिकट आहे. चित्रपटाची निगेटिव्ह अभिलेखागारात ठेवली जाते. भाष्य मात्र एका विशिष्ट आवृत्तीपुरतेच असते. हक्क दुसऱ्या संस्थेकडे गेले की नवी आवृत्ती त्याविना निघते. जॉज या चित्रपटावरील १९९५ मधील लेसर तबकडीचा सु. दोन तासांचा अनुबोधपट २००० मधील डीव्हीडीवर निम्म्याहून कमी झाला व २००५ मध्ये पुन्हा पूर्ण रूपात आला. सर्वच सामग्रीच्या वाट्याला असे पुनरुज्जीवन येत नाही. अनेक लेसर तबकड्यांच्या आतील धातूचा थर गंजून त्या निकामी झाल्या आहेत आणि त्या वाचणाऱ्या यंत्रांचे उत्पादनही २००९ मध्ये थांबले. हेव्हर यांचे निधन १९९३ मध्ये झाले. त्यांच्याप्रमाणेच या भाष्यांतील कित्येक वक्ते आज हयात नाहीत. त्यांचे म्हणणे जेथे केवळ तबकडीवरच उरले आहे, तेथे ती तबकडी हेच त्याचे एकमेव साधन होय. त्यामुळे चित्रपटाच्या प्रतीबरोबर तिच्या सर्व आवृत्त्यांवरील सामग्रीही अभिलेखागारांनी सूचिबद्ध करून जतन करणे अगत्याचे आहे.