सांध्याची खरी स्थिती सांगणारा दिवा

लघुरेल्वेच्या छंदात गाडी धावू लागली की पुढचा प्रश्न उभा राहतो तो सांध्यांचा. सांधा म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारी रुळांची जोडणी. पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात असे सांधे अनेकांनी पाहिले असतील. मांडणी लहान असेल तोवर सांधा कोणत्या बाजूस आहे, हे नजरेनेच कळते. बोगद्यातील सांधा मात्र दिसत नाही. म्हणून नियंत्रण फलकावर मार्गांचा नकाशा रेखाटून सांध्याच्या दोन्ही शाखांवर एकेक एलईडी बसवतात. ज्या शाखेचा मार्ग खुला, तिचा दिवा पेटतो.

मात्र हा दिवा नेमका कशाला जोडावा, यावर त्याची विश्वासार्हता ठरते. टॉरटॉइजसारख्या संथ मोटारीला १२ व्होल्टवर जेमतेम १६ मिलिअँपिअर वीज लागते. तिच्याच तारेत दोन एलईडी परस्परविरुद्ध दिशेने जोडले की काम भागते, वेगळा रोधही लागत नाही. पण बटण फिरवताच हा दिवा बदलतो आणि सांधा सरकायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणजेच दिवा सांगतो तो हुकूम, स्थिती नव्हे.

याहून बरा उपाय मोटारीतच असतो. तिच्यात दुहेरी संपर्काचे दोन संच असतात. एक सांध्यातील फ्रॉगला योग्य वीज देण्यासाठी वापरावा, दुसरा फलकावरील दिव्यांसाठी. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर १ हजार ओहमचा एकच रोध दोन्ही दिव्यांना पुरतो, कारण एका वेळी एकच पेटतो. त्यातून सुमारे १० मिलिअँपिअर वीज वाहते.

दोन वेटोळ्यांच्या जुन्या पद्धतीच्या मोटारीला वीज क्षणभरच द्यावी लागते, अन्यथा वेटोळे जळते. तेथे सांध्याची पाती जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर सूक्ष्म स्विच बसवणे उत्तम. मोटारीची तार निसटली तरी हा स्विच खोटे बोलत नाही. मेहनत अधिक, पण खरी खूण हीच.

खऱ्या रेल्वेत या फरकाची किंमत जबर असते. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला. सांधा मात्र लूप मार्गाकडे वळलेला होता. गाडी तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या तारांच्या जोडणीतील चुकांवर बोट ठेवण्यात आले.

भारतीय रेल्वेत सांध्याच्या पात्यात ५ मिलिमीटरची पट्टी अडकवून चाचणी घेतात. पट्टी असताना सांधा बसल्याची खूण मिळता कामा नये. एचओ प्रमाणात ही पट्टी कागदाहूनही पातळ ठरेल. तेवढी अचूकता छंदिष्टाकडून अपेक्षित नाही. तरी पात्यात आगपेटीची काडी अडकवून बटण दाबावे आणि फलकावरील दिवा काय दाखवतो ते पाहावे.