मारलावाईची शाळा आणि गोंडांची जमीन

आदिलाबादचा डोंगराळ मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हाची ही हकीकत. गोंड शेतकरी एक शेत काही वर्षे कसून ते पडीक टाकी व दुसरे हाती घेई. पडीक भूमीही आपल्याच गावाची, अशी त्याची समजूत होती. जंगलखात्याने राखीव वनांच्या हद्दी आखल्या तेव्हा अशी कित्येक शेते हद्दीच्या आत गेली. बाहेरच्या सुपीक जमिनींचे पट्टे, ज्यांना अर्ज लिहिता येत होते आणि कचेरीचा रस्ता ठाऊक होता अशा परक्या लोकांनी आपल्या नावे करून घेतले. गोंडापाशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, कागद नव्हता. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम व त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, आणि मगच सरकारास चौकशी सुचली.

ते काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. मारलावाई या गोंड गावी मुक्काम ठोकून त्यांनी गोंडांची गोत्रे व देवकार्ये यांचा अभ्यास केला. हे सारे भूमीशी कसे बांधलेले आहे ते त्यांच्या ध्यानी आले. १९४३ साली तेथेच गोंड शिक्षक घडविणारे केंद्र उघडले. संस्थानाची राजभाषा उर्दू असताना गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली, हे आम्हां मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे ‘लावणी खास’ नावाच्या नियमांखाली सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे आदिवासींना मिळाले. तरीही आम्हांस शाळेचे मोल अधिक वाटते. अक्षरशून्य माणसाचा पट्टा सावकाराच्या पेटीत जावयास कितीसा वेळ लागतो, हे खेड्यांत शिकविणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

मात्र ही सारी रचना एका सल्लागारावर आणि दरबारच्या मर्जीवर उभी होती. हा तिचा दोष झाकता येत नाही. १९४९ नंतर हायमेनडॉर्फ लंडन विद्यापीठात शिकवू लागले. इकडे रस्ते झाले, बाहेरून शेतकरी व व्यापारी आले, आणि पट्ट्यांच्या जमिनी पुन्हा हातोहात गेल्या. १९७० साली आंध्र प्रदेश सरकारने अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीने बिगर-आदिवासीला विकण्यासही बंदी केली. कायदा कडक खरा, पण अंमल ढिला. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीस जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर पुन्हा गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा. गावकरी त्याहून पुष्कळ मोठा सांगत. हायमेनडॉर्फ १९७०नंतरच्या दशकात या गावांतून पुन्हा हिंडले होते, आणि पूर्वी ओळखीच्या असलेल्या गोंडांची शेते आता कोणाच्या ताब्यात आहेत, हे त्यांनी १९८२च्या ग्रंथात गाववार नोंदविले आहे.