भूमिपरीक्षेची परंपरा : चोवीस अंगुळांच्या खड्ड्यापासून बोअरपर्यंत

विक्रम संवत १३७२, म्हणजे इ. स. १३१५ मध्ये, ठक्कुर फेरू या श्रीमाळ कुळातील जैन श्रावकाने ‘वत्थुसारपयरण’ अर्थात ‘वास्तुसार प्रकरण’ हा ग्रंथ प्राकृत गाथांमध्ये सिद्ध केला. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा अल्लाउद्दीन खिलजी होता आणि फेरू त्याच्या कोषागारात अधिकारपदावर होते. रत्नांची पारख, नाण्यांतील सोन्याचांदीचा कस, गणित आणि ज्योतिष या विषयांवरही त्यांनी लिहिले. नाण्यांविषयीची त्यांची ‘द्रव्यपरीक्षा’ इ. स. १३१८ ची आहे. परीक्षेवाचून कोणतीही वस्तू स्वीकारायची नाही, असा हा पुरुष होता. वास्तुसाराचे गृह, बिंबपरीक्षा आणि प्रासाद असे तीन भाग असून घराचा विचार सुरू करताना फेरूंनी पहिली परीक्षा सांगितली, ती जमिनीची.

परीक्षा अगदी साधी आहे. चोवीस अंगुळे, म्हणजे एक हात खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरावी. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर अधम. दुसरी परीक्षा पाण्याची. तोच खड्डा पाण्याने भरून शंभर पावले चालून यावे. तेवढ्या वेळात पाणी एक अंगुळ उतरले तर भूमी उत्तम, दोन अंगुळे उतरले तर मध्यम, तीन उतरले तर अधम. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे सहाव्या शतकातही या दोन्ही परीक्षा थोड्या फरकाने आढळतात. फेरूंनी त्या शोधून काढल्या नाहीत. चालत आलेले ज्ञान त्यांनी सर्वसामान्य गृहस्थाला पेलेल अशा भाषेत मांडले.

या परीक्षांमागील कारण आज सहज उलगडते. दाबून बसलेली, घट्ट माती एकदा खणली की तिचे कण मोकळे होतात, मध्ये पोकळ्या राहतात आणि ती मूळच्या खड्ड्यात मावत नाही. पोकळ, भुसभुशीत अथवा कोणी पूर्वी भराव टाकलेली जागा असेल तर तीच माती परत भरताना दबते आणि खड्डा रिता राहतो. पहिल्या परीक्षेत मातीची घनता मोजली जाते, दुसरीत तिच्यातून पाणी झिरपण्याचा वेग. आजही शोषखड्डा घालण्यापूर्वी खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात किती उतरते हे पाहतात. तेथे शंभर पावलांच्या ऐवजी घड्याळ आले एवढेच. भूमीतील ‘शल्य’ काढून टाकण्याचा जो आग्रह जुन्या ग्रंथांत आहे, त्याकडेही या दृष्टीने पाहता येईल. जेथे हाडे, केस, कोळसा सापडतो ती जमीन बहुधा पूर्वी कोणीतरी उकरलेली आणि पुन्हा बुजविलेली असते. अशा जागेवर पाया घालण्यास आजचा अभियंताही राजी होत नाही.

एवढे वाचून, ‘आपल्या ग्रंथांत सारे काही आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. हातभर खड्डा हातभर मातीचीच साक्ष देतो. त्याखाली दहा हातांवर काय आहे हे त्याला ठाऊक नसते. फेरूंची थोरवी वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ती वास्तुसाराच्या शेवटच्या भागात दिसते. घरासाठी चोवीस अंगुळे पुरेशी मानणारे फेरू प्रासादाच्या, म्हणजे मंदिराच्या प्रकरणात मात्र सांगतात की खड्डा पाणी लागेपर्यंत किंवा कठीण थर लागेपर्यंत न्यावा आणि त्यानंतरच कूर्मशिलेची स्थापना करावी. मातीच्या भिंतींचे घर हलके, दगडी शिखराचे मंदिर जड. वास्तू जितकी जड तितकी जमिनीची चौकशी खोल, हा विवेक त्यात आहे. हा विवेक सुटल्यावर काय होते याचे दाखले पुढच्या इतिहासात पुष्कळ आहेत.

सर्वांना परिचित दाखला इटलीतील पिसा येथील मनोऱ्याचा. त्याचे बांधकाम ११७३ मध्ये सुरू झाले आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन थांबले. वरचा वाळूमिश्रित थर बरा होता, पण त्याखाली समुद्राच्या गाळाची मऊ चिकणमाती खोलवर पसरलेली होती. काम जवळजवळ शंभर वर्षे थांबले आणि या विश्रांतीनेच मनोरा वाचला, असे तज्ज्ञांचे मत आहे. चिकणमातीतील पाणी भाराखाली हळूहळू बाहेर पडते आणि तसतशी ती घट्ट होते; एका दमात बांधला असता तर मनोरा तेव्हाच कोसळला असता. चौदाव्या शतकात तो पुरा झाला आणि त्याचे झुकणे चालूच राहिले. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. पुढे १९९९ ते २००१ या काळात उंच राहिलेल्या बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढून त्याचा कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी करण्यात आला आणि डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. आठशे वर्षांपूर्वी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे मातीच काढून द्यावे लागले.

पिसाच्या बांधणाऱ्यांना जमीन तपासण्याचे साधन नव्हते, असे म्हणून त्यांना क्षमा करता येईल. कॅनडातील विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना येथील धान्यकोठाराची गोष्ट तशी नाही, आणि म्हणूनच ती अधिक बोधप्रद आहे. दहा लक्ष बुशेल धान्य मावेल असे काँक्रीटचे हे प्रचंड कोठार १९१३ मध्ये उभे राहिले. पाया घालण्यापूर्वी जमिनीची परीक्षा झाली होती. खोदलेल्या जागेच्या तळाशी लहान क्षेत्रावर भार ठेवून ती किती दबते हे पाहिले गेले आणि जमीन समाधानकारक ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोठार भरत आले असताना ते खचू लागले आणि चोवीस तासांच्या आत जवळजवळ सत्तावीस अंशांनी एका बाजूस कलंडून थांबले. इमारत स्वतः मात्र भंगली नाही. काँक्रीट उत्तम होते, दोष सारा खाली होता. पुढे खडकापर्यंत खांब नेऊन ते कोठार सरळ करण्यात आले आणि वापरातही आले.

परीक्षा होऊनही असे का झाले? पाण्याने भरलेल्या घागरीखाली ओल्या मातीत बोट घालून पाहिले तर दाब थोड्याच खोलीपर्यंत जाणवतो. तीच माती हत्तीच्या पायाखाली किती खोल दबेल याचा अंदाज त्यावरून येत नाही. पायाची रुंदी जितकी, त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट खोलीपर्यंत त्याचा भार जमिनीला जाणवतो. परीक्षेतील लहान क्षेत्राचा भार वरच्या घट्ट थरातच विरून गेला, तर कोठाराचा सत्तर फुटांहून रुंद पाया खालच्या मऊ थरापर्यंत पोहोचला. ही गोष्ट निश्चित व्हायला १९५१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तेथे छिद्रे घेऊन खालच्या मातीचे नमुने तपासण्यात आले, तेव्हा खाली जावे तसतशी चिकणमाती मऊ होत गेल्याचे दिसले. ठक्कुर फेरूंच्या भाषेत सांगायचे तर प्रासाद बांधताना घराची परीक्षा घेतली गेली.

दरम्यानच्या काळात या विद्येला शास्त्राचे रूप आले होते. प्राग येथे १८८३ मध्ये जन्मलेल्या कार्ल तेर्झागी या अभियंत्याने इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना साध्या साधनांनी मातीवर प्रयोग केले आणि १९२५ मध्ये मृद्यांत्रिकीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मातीच्या कणांवर पडणारा भार आणि कणांमधील पाण्यावर पडणारा भार वेगवेगळा धरला पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा गाभा. पिसाच्या मनोऱ्याला शंभर वर्षांची विश्रांती का तारक ठरली, हे याच विचाराने कळते.

जमिनीला प्रश्न विचारण्याची आजची रीतही त्याच पिढीत घडली. बोअर घेताना मातीचा थर लागला की छिद्राच्या तळाशी पोलादी नळी ठेवून तिच्यावर साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पंचाहत्तर सेंटीमीटरवरून सोडतात. नळी पहिले पंधरा सेंटीमीटर गेल्यावर पुढील तीस सेंटीमीटर जाण्यास किती ठोके लागले ते मोजतात. ठोके थोडे तर जमीन सैल, ठोके पुष्कळ तर घट्ट; शिवाय नळीत मातीचा नमुनाही मिळतो. खडक लागल्यावर हिऱ्याच्या दातांची नळी फिरवून दगडाचा गोल दांडा बाहेर काढतात. तो अखंड निघाला की तुकड्यातुकड्यांनी, यावर खडकाची प्रत ठरते. आपल्याकडे यासाठी भारतीय मानक १८९२ हे १९६२ पासून असून १९७९ मध्ये आणि अलीकडे २०२१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. सुमारे एक एकराच्या जागेवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्यभागी एक अशी छिद्रे घ्यावीत, लहान इमारतीस मध्यभागी एक चालेल, असे १९७९ च्या आवृत्तीत सुचविले होते.

महाराष्ट्राच्या भूमीपुरते बोलायचे तर फेरूंच्या परीक्षेला येथे एक चमत्कारिक प्रतिवादी भेटतो, तो म्हणजे आपली काळी माती. शेतकऱ्याला वरदान असलेली ही माती बांधणाऱ्याला मोठी फसवी. पाणी मिळाले की ती फुगते आणि उन्हात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वैशाखात खड्ड्यात पाणी ओतले तर ते भेगांतून पाहता पाहता निघून जाईल आणि भूमी अधम ठरेल. श्रावणात भेगा मिटलेल्या असताना तेच पाणी स्थिर राहील आणि तीच भूमी उत्तम ठरेल. प्रत्यक्षात हलक्या घराच्या भिंतींना तडे जातात ते याच मातीच्या फुगण्या-आकसण्याने. जुने गवंडी हे जाणून होते. काळी माती काढून टाकून मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा, हा त्यांचा परिपाठ. गावातील विहीर खणताना किती हातांवर मुरूम लागला, किती हातांवर काळा पाषाण, हे त्यांना पाठ असे. विहीर हेच त्यांचे बोअर. काळी माती फार खोल असेल तेथे तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घालण्याची पद्धत रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली. जेथे ओलावा वर्षभर सारखा असतो त्या खोलीवर हे खांब जाऊन रुततात.

मुरूमाखाली खडक लागला म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. दख्खनचा पाषाण सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झाला. दोन कठीण थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या, मऊ मातीचा पट्टा असतो, तर कोठे झिजलेल्या मुरूमातच मोठाले गोटे अडकलेले असतात. हत्यार गोट्यावर आदळले की खडक लागला असे वाटते आणि काम थांबते. म्हणून खडक लागल्यावरही बोअर काही मीटर पुढे नेऊन तो खरोखर खडकच आहे याची खातरजमा करावी लागते. मुंबईत तर सात बेटांच्या मधली खाडी भरून झालेली जमीन आहे. भरावाखाली सागरी चिखल, त्याखाली कोठे लवकर तर कोठे फार उशिरा खडक. शेजारच्या इमारतीचा पाया दहा फुटांवर लागला, म्हणून आपलाही लागेल, हा हिशेब तेथे चालत नाही.

मंदिराच्या बाबतीत आणखी एक विचार आहे. सारी इमारत सारखी खचली तर एक वेळ निभावते. एक कोपरा खचला आणि दुसरा राहिला तर मात्र धोका उद्भवतो. काँक्रीटचा सांगाडा आतील लोखंडाच्या बळावर थोडे सोसतो. लोखंडाशिवाय, दगडावर दगड ठेवून रचलेले शिखरबद्ध जिनालय तसे सोसू शकत नाही. त्याचे सांधे उघडतात, तुळया चिरतात. आज जुन्या जागांवर नवी जिनालये, उपाश्रय आणि बहुमजली धर्मशाळा उभ्या राहत आहेत, कित्येक ठिकाणी जुन्या पायावरच मजले चढविण्याचे घाटत आहे. अशा वेळी संगमरवर कोठल्या खाणीचा यावर विश्वस्त मंडळात तासन्‌तास चर्चा होते, भूमिपरीक्षेचा खर्च मात्र टाळता आला तर पाहावा असा सूर निघतो. कळस चढविण्याची बोली लागते, ध्वजेची लागते; बोअरची बोली लागल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक एकूण खर्चात तिचा वाटा नगण्य असतो आणि बहुधा तो वाचविण्याच्या नादात पाया नको तेवढा मोठा धरून अधिक पैसा जमिनीत जातो.

परीक्षेनंतर जो अहवाल मिळतो त्यात प्रत्येक छिद्राचा नकाशातील ठिकाणा, लागलेले थर, त्यांची खोली, ठोक्यांची संख्या, पाण्याची पातळी आणि ती कोणत्या महिन्यात मोजली हे सारे लिहिलेले असावे. उन्हाळ्यातील पातळी आणि भाद्रपदातील पातळी यांत फार अंतर असते, म्हणून महिन्याची नोंद आवश्यक. खडकाचे काढलेले दांडे लाकडी पेटीत क्रमाने मांडून देतात, ते निदान पाया भरेपर्यंत टाकून देऊ नयेत. अहवालाची एक प्रत वास्तुविशारदाकडे, एक महानगरपालिकेच्या प्रकरणात आणि एक ट्रस्टच्या दप्तरात, जमिनीच्या मूळ दस्तऐवजांच्या शेजारी ठेवावी. तीस-चाळीस वर्षांनी कोणी सभागृह वाढविण्याचा विचार केला तर सर्वप्रथम तीच प्रत मागितली जाते.