रस्त्याकडेचे अनाम दगड

गेल्या शनिवारी सकाळी फटफटी काढली आणि सूस, नांदे करत लवळ्याच्या दिशेने निघालो. हिंजवडीत आठवडाभर स्क्रीन बघून डोळे पिकतात, त्यामुळे विकांताला डोंगर बघायचा हा आपला जुना नेम. लवळ्यात आता वर डोंगरावर विद्यापीठाच्या इमारती आणि खाली जुनं गाव, असं दृश्य आहे. ते मागे टाकून आणखी थोडं आत गेलो. एका वाडीजवळ रस्तारुंदीचं काम चाललं होतं. (वाडीचं नाव मुद्दामच देत नाहीये, कारण पुढे कळेल.)

मुरुमाच्या ढिगाऱ्याशेजारी एक दगड कलता उभा होता. गुडघ्याएवढा, वर शेंदराचे थर. मी वाकून बघायला लागलो तर मागून आवाज आला, "काय बघतुयास रं पोरा? येताळाचा दगुड हाय त्यो."

"आजोबा, हा वीरगळ वाटतोय मला."

"आमच्या आज्यापासनं येताळच म्हणत्यात."

आजोबांचंही खरंच होतं. शेकडो वर्षं उन्हापावसात उभ्या राहिलेल्या वीराचा गावोगाव असाच वेताळ किंवा म्हसोबा होतो. नाव विसरलं जातं, नारळ मात्र चुकत नाही.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा वीर पडलेला, कधी शेजारी गाईसुद्धा, म्हणजे गावचं गोधन वाचवताना गेला. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना. डोक्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. बहुतेकांवर एक अक्षरही नसतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही कळावं अशी ही सोय!

असे दगड क्षुल्लक समजू नका. बोरिवलीच्या एक्सरमधल्या वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख तर कित्येक वर्षं रस्त्याकडेला बेवारस होता. त्यात केसीदेवराय या राजाचं नाव आणि शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, हे वर्ष वाचलं गेलं. त्या वाचनावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याचं नाव घेतलं जातं. म्हणजे आपल्या भाषेचा जन्मदाखला रस्त्याकडेला पडला होता म्हणा ना!

जुनं म्हणजे फक्त शिलाहार-यादवांचंच असं नाही. मुंबईत इंग्रजांनी फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजून मैलाचे दगड रोवले. त्यातले काही फुटपाथ उंच होत गेल्यावर गळ्यापर्यंत गाडले गेले होते. ते शोधून काढून सावरण्याचं काम अलीकडे झालं. इंग्लंडात तर १९४७ च्या कायद्यापासून जुन्या वास्तूंच्या याद्या होत गेल्या आणि त्यात खेड्यातले साधे मैलाचे दगडही आले. आपल्याकडे १९५८ च्या कायद्यात १०० वर्षं जुनी वस्तू 'प्राचीन' ठरू शकते, पण संरक्षण मिळतं ते घोषित झालेल्या वास्तूंना. शेताच्या बांधावरचा, पाराखालचा सुटा दगड बहुधा कुठल्याच यादीत नसतो. त्याची यादी म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण.

असो. आजोबांना विचारलं, हा एकटाच का? म्हणाले, "दोन व्हतं. दुसरा त्या भराखाली गेला मागल्या आठवड्यात."

खरं सांगतो, पोटात खड्डा पडला. मी एक आठवडा आधी आलो असतो तर? पण जेसीबीवाल्याला काय दोष द्यायचा? त्याला तो दगडच दिसला, कारण तो काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जुन्या कोडमधली ओळ कशासाठी आहे ते न कळता आपणही उडवतोच की.

त्याच जेसीबीवाल्याला समजावलं. तो बिचारा लगेच तयार झाला. गोणपाट गुंडाळून, चौघांनी हात लावून दगड देवळाच्या भिंतीला नेऊन टेकवला. हलवण्याआधी मी चारही बाजूंनी फोटो काढले, जागेचं लोकेशन टिपलं, चिंचेपासूनचं अंतर पावलांनी मोजून लिहिलं. वीरगळ कुठे उभा आहे हाही इतिहासच असतो, आणि तो आम्ही त्या दिवशी पुसला. दगड वाचला, जागा गेली. हे बरोबर केलं का, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. वाडीचं नाव लिहिलं नाही ते एवढ्यासाठीच, की सुटा झालेला दगड उचलून नेणं आता फार सोपं आहे.

आजोबांनी नारळ फोडला. मला खोबरं देत म्हणाले, "लढताना मेला म्हणतूस, तर मग आमच्यातलाच कुणीतरी आसंल."

तर मंडळी, पुढच्या विकांताला गडावर जाताना वाटेत एखादा शेंदूर फासलेला दगड दिसला, तर पाच मिनिटं थांबा. शेंदूर खरवडू नका, दगड घरी तर मुळीच आणू नका. फोटो काढा, जागा टिपा, आणि ग्रामपंचायतीत किंवा पारावरच्या आजोबांना सांगून ठेवा. पुढच्या आठवड्यात तिथून रस्ता जाणार असेल.